मुरलेल्या जॉबरांना शिकवायला कसं शिकवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम बघते. नव्या कामगारांना शिकवायला आमच्यातलेच सहा जण निवडलेत. चार जॉबर (लूम म्हणजे यंत्रमाग लावणारे, दुरुस्त करणारे कारागीर), शिलाई खात्यातल्या दोन ताई. जॉबर तर असे की नुसत्या आवाजावरून लूमचा बिघाड सांगतात. पण वर्गात उभं केलं की मी करून दिलेल्या स्लाइड वाचतात. "समजलं का?" म्हटलं की पोरं माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी खात्यात तीच चूक.

मागच्या आठवड्यात वर्ग चालू असताना लाइट गेली. एक जॉबरकाका पोरांना बंद लूमपाशी घेऊन गेले. तार (लूमवरचा उभा धागा) तोडून विणकर गाठ, म्हणजे विणकरांची बारीक गाठ, मारून दाखवली. मग साधी गाठ मारली आणि ती जाड गाठ फणीत (उभे धागे जिच्यातून ओवलेले असतात तिच्यात) कशी अडकते, तार पुन्हा कसा तुटतो ते दाखवलं. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. प्रत्येकाकडून गाठ मारून घेतली. एका मुलीने आपणहून विचारलं, दोन बीम (उभे धागे गुंडाळलेले रूळ) कशाला? काकांनी तिला दोन्ही बीमचे तार चाचपायला लावले, एक ताठ, एक सैल. सैल ताराचेच टॉवेलवर फंदे होतात, हे तिला बोटांनीच कळलं.

मला फार आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी काका पुन्हा स्लाइड वाचायला लागले. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, काल नुसत्या गप्पा झाल्या. शिकवणं वेगळं."

हे त्यांच्या मनातून कसं काढू? प्रत्येकाने बाकीच्या पाचजणांसमोर दहा मिनिटं शिकवून दाखवावं असं डोक्यात आहे. पण वयाने, कामाने मोठ्या माणसाला चारचौघांत चूक कशी सांगायची? शिवाय चालू शेडमध्ये काही ऐकू येत नाही. पोरांत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारेही आहेत.

प्रतिसाद:
ताई, स्लाइड आधी काढून घ्या, त्या समोर असतील तोवर काका वाचणारच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना लवकर तयार करायला चार पायऱ्यांची पद्धत काढली होती: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, नंतर लक्ष ठेवणं. काकांनी लूमपाशी मधल्या दोन्ही केल्याच की! त्यांना हे पायऱ्यांची नावं घेऊन सांगा. मग त्यांच्यासोबत बसून एका कामाचं टिपण करा: टप्पा, त्यातली खुबी, खुबीचं कारण. ते सांगतील, तुम्ही लिहा. खरी मेहनत इथेच आहे, कारण हाताला सवय झालेली खुबी तोंडाने सांगणं अवघड जातं.
चूक काकांची काढूच नका. पोरांनी मारलेल्या गाठी टेबलावर ठेवा, कुठली सुटते ते सगळे मिळून बघा. "समजलं का" ऐवजी "करता करता सांग", कुठल्याही भाषेत. आवाजाचं म्हणाल तर आधी मुक्याने दाखवायचं, बोलणं शेडबाहेर.

धागाकर्ती:
मनापासून आभार. उद्या पहिल्या पाळीआधी काकांसोबत गाठीचं टिपण करते. शिलाईच्या ताईंसाठी काठ दुमडण्याचं असं टिपण कुणी केलं असेल तर कृपया इथे टाका. कापड हाताने किती ओढायचं ही खुबी शब्दांत कशी मांडलीत?