मदत हवी आहे: बँकॉकमध्ये येणाऱ्या आई-बाबांना घराबाहेर कसं रमवता येईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही बँकॉकमध्ये ओन नुतला राहतो. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो. मुलगी चौथीत आहे, धाकटा बालवर्गात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझे सासू-सासरे वाईहून येताहेत आणि थंडी संपेपर्यंत राहणार आहेत. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर पडताहेत.

प्रेक्षणीय स्थळांची यादी इंटरनेटवर हवी तेवढी मिळते, ती मला नको आहे. माझी काळजी आहे सोमवार ते शुक्रवारची. आमच्या इमारतीत भारतातून आलेले बरेच आजी-आजोबा मी बघते. नातवंडं शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की संध्याकाळपर्यंत ती दोघं आणि बाल्कनी. भाषा येत नाही, रस्ता ओलांडायची भीती वाटते, खाण्याची शंका असते, म्हणून कुठे जात नाहीत. शनिवारी मुलगा-सून गाडीत घालून मॉलमध्ये नेतात आणि रविवारी परत तेच. महिन्याभरात "तिकीट आधीचं करता येईल का रे?" सुरू होतं. आमच्या घरी हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दोघांबद्दल थोडं सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल.

बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तब्येत खणखणीत. वाईत रोज पहाटे कृष्णेच्या घाटावर फेरी, ढोल्या गणपतीचं दर्शन, मग ओळखीच्या माणसांशी तासभर गप्पा असा त्यांचा दिवस सुरू होतो. बस-गाड्यांची त्यांना विलक्षण आवड आहे. कुठली गाडी कुठून सुटते, मध्ये कुठे थांबते, हे कळलं की त्यांना गाव कळल्यासारखं वाटतं. मोडकंतोडकं हिंदी बोलतात, इंग्रजी पाट्या वाचता येतात.

आईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालतात, पण जिने नकोत. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांना देव, फुलं आणि भाजीबाजार या तीन गोष्टी मिळाल्या की आणखी काही लागत नाही. परडीभर फुलं समोर ठेवली तर हार ओवत दुपार काढतील.

तर विचारायचं आहे ते असं. बाबांना एकट्यानं जाऊन येता येईल अशा जागा आणि वाटा कुठल्या? आईंना जिने न चढता कुठे नेता येईल? बाहेर पडल्यावर शाकाहारी म्हणून डोळे झाकून काय खावं? आणि मुलांनाही बरोबर घेऊन आजी-आजोबांनी मिळून करावं असं काही आहे का? ज्यांचे आई-वडील इथे येऊन खरोखर रमले, त्यांनी नक्की लिहा.

खडीसाखर:

ताई, बाबांची सकाळ आधी लावून द्या, बाकीचा दिवस आपोआप लागतो. माझ्या वडिलांसाठी आम्ही लुंपिनी पार्क निवडलं होतं. आतला फेरा अडीच किलोमीटरचा, सपाट, भरपूर सावली. पहाटे तिथे चिनी वंशाचे आजी-आजोबा ताई-ची करत असतात, काही जण व्यायाम झाल्यावर डबे उघडून बसतात. रोज तोच माणूस त्याच वेळी दिसला की हात जोडून नमस्कार होतो, मग हसणं होतं, आणि भाषेवाचून ओळख होते. वडिलांना तिथे एक थाई आजोबा भेटायचे. दोघं एकमेकांना आपापल्या भाषेत काय सांगायचे देव जाणे, पण वडील एक दिवस गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी ते आजोबा चौकशी केल्यासारखे हातवारे करायचे. तळ्याच्या काठानं मोठाल्या पाणघोरपडी फिरतात, त्या काही करत नाहीत, फक्त अंतर ठेवा. नातवंडं त्यांच्यासाठीच हट्टानं येतील.

बाबांना एक आधी सांगून ठेवा. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता राष्ट्रगीत लागतं. बागेत धावणारेसुद्धा जागच्या जागी थांबतात, आपणही थांबायचं.

आईंसाठी बेंजाकिट्टी बाग जास्त बरी, तळ्याभोवती निवांत चालता येतं. तंबाखूच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर तिथे आता पाणथळ रान केलं आहे, पक्षी खूप दिसतात. एमआरटीचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, क्वीन सिरिकित स्थानक अगदी लागून आहे.

आणि बाबांच्या खिशात एक कार्ड कायम असू द्या. इमारतीचं नाव, सोईचा म्हणजे गल्लीचा क्रमांक, जवळचं बीटीएस (उंचावरच्या रेल्वेचं) स्थानक आणि तुमचा फोन, सगळं थाई लिपीत. इमारतीच्या रिसेप्शनवरची मुलं आनंदानं लिहून देतात. टॅक्सीवाल्याला ते दाखवलं की काम झालं.

तिठा:

आईंना फुलं आवडतात ना? मग पाक ख्लोंग तलात सोडून दुसरीकडे कुठे नेऊच नका, निदान पहिल्या आठवड्यात. हा शहराचा मोठा फुलबाजार, चोवीस तास उघडा. झेंडूच्या राशी, मोगऱ्याच्या कळ्या, गुलाब, ऑर्किड आणि कमळाचे ढीगच्या ढीग. बायका दुकानात बसून लांब सुईनं मोगऱ्याचे फुआंग मालाई, म्हणजे हार, ओवत असतात, ते देवाला, घराबाहेरच्या छोट्या देव्हाऱ्यांना आणि गाडीत पुढे टांगायला. माझ्या आईनं तिथे उभं राहून कमळाच्या कळीच्या पाकळ्या दुमडायला शिकून घेतल्या. विकणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं तिची बोटं धरून शिकवलं. आता नाशिकला गौरींपुढे तशीच कमळं मांडते.

जायला एमआरटीचं सनाम चाय स्थानक, लिफ्ट आहे. स्थानकच बघण्यासारखं आहे, खांब आणि छत राजवाड्यासारखं सजवलेलं. तिथूनच वाट फो जवळ (इथे 'वाट' म्हणजे मंदिर). मग था तियन धक्क्यावरून छोट्या होडीनं पलीकडे वाट अरुणला. पाच मिनिटांची नदी, पण कृष्णाकाठच्या माणसाला फार बरं वाटतं. वाट अरुणच्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत. आईंनी खाली अंगणातच बसावं, तिथूनही चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी छान दिसते. केशरी झेंड्याच्या मोठ्या बोटी गर्दीच्या वेळी टाळा. त्या धक्क्याला जेमतेम टेकतात, चढ-उतार घाईची असते, गुडघ्याला ते झेपणार नाही.

धागाकर्ती:

तिठा, हे वाचून आत्ताच आईंना फोन केला. "कमळं? ढीग?" असं दोनदा विचारलं त्यांनी. खूप आभार!

खाण्याचं कुणी सांगाल का? आम्ही दोघं अंडं खातो, त्यामुळे आमचं भागतं. पण भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो याची आईंना धास्ती आहे.

ओलीभेळ:

धास्ती योग्यच आहे. नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी आणि कापि म्हणजे कोळंबीची चटणी, ही दोन इथल्या स्वयंपाकात आपल्या मिठासारखी पडतात. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, दिसायला निव्वळ शाकाहारी, पण त्यात सुकी कोळंबी असते. ऑयस्टर सॉस तर परतलेल्या पालेभाजीतही असतो.

"मांगसाविरात" म्हटलं की शाकाहारी मिळतं, पण त्यात अंडं चालतं. आईंसाठी "जे" शोधा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, आपल्याला इंग्रजी सतराचा आकडा वाटावा अशी. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. फूड कोर्टात एखादा गाळा बहुधा असतो. फक्त सोयाचं नकली मांस असतं, ते हुबेहूब दिसतं. आईंना आधी सांगा, नाहीतर ताट बाजूला सारतील.

भाजीबाजाराची चिंताच करू नका. केळफूल, पडवळ, कारली, शेवग्याच्या शेंगा, तोंडलीचा पाला, लाल भोपळा, मुळासकट कोथिंबीर, ओला नारळ समोर किसून. माझ्या सासूबाई रोज सकाळी एकट्या जायच्या. किंमत विक्रेती कॅल्क्युलेटरवर दाखवते, त्यामुळे बोलण्याचं अडत नाही. कढीपत्ता, बेसन, पोहे, साबुदाणा फाहुरात या भारतीय बाजारात मिळेल. एमआरटीचं साम योत स्थानक, तिथून चालत. मोठा गुरुद्वाराही तिथेच आहे, लंगरमध्ये आई निर्धास्त जेवतील. फक्त भाजणी आणि गोडा मसाला त्यांना वाईहूनच आणायला सांगा.

लांबपल्ला:

बाबांबद्दल वाचून राहवलं नाही, माझे काकाही एसटीत होते.

इथल्या साध्या, बिनवातानुकूलित लाल बसमध्ये त्यांना एकदा बसवाच. काही गाड्यांत अजून कंडक्टर असतात. त्यांच्या हातात पत्र्याची लांब नळी असते, त्यातच तिकिटं आणि सुटे पैसे. नळी खुळखुळवत येतात. बाबांनी आपली जुनी ओळख सांगितली, म्हणजे फोनवर भाषांतर करून दाखवली, तर माझी खात्री आहे, दोघंही आपापली तिकिटं काढून दाखवतील. गर्दी नसलेली दुपारची वेळ निवडा.

दुसरं, हुआ लाम्फोंग स्थानक. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ च्या जानेवारीत नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकात हलवल्या, पण पूर्वेकडच्या साध्या गाड्या अजून या जुन्या, कमानदार छताच्या स्थानकातूनच सुटतात. चाचोंगसाओची तिसऱ्या वर्गाची गाडी धरा, तिकीट वीस बाथच्या आत. लाकडी किंवा साध्या सीट, उघड्या खिडक्या, शहर संपलं की भातखाचरं. दीड-पावणेदोन तासांत पोचता. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, म्हणून आईंना तुम्ही गाडीनं आणा आणि बाबा व मुलीला रेल्वेनं पाठवा. मोठ्या नातीसोबत आजोबांचा हा प्रवास व्हायलाच हवा.

चाचोंगसाओला काय? गणपती! वाट समान रत्तनाराममध्ये बांग पाकोंग नदीकाठी गुलाबी रंगाचा, रेललेला गणपती आहे, १६ मीटर उंच आणि २२ मीटर लांब. ढोल्या गणपतीच्या गावच्या माणसांना हे दाखवायलाच पाहिजे. समोर सात वारांच्या सात रंगांचे उंदीर आहेत. आपल्या जन्मवाराच्या उंदराच्या एका कानात मागणं सांगायचं आणि दुसरा कान हातानं झाकायचा, म्हणजे ते बाहेर जात नाही. तुमचा धाकटा तिथून हलणार नाही. मंदिर स्टेशनपासून लांब आहे, परतीचं वाहन आधी ठरवून ठेवा.

शहरातल्या शहरात साओ चिंगचा या मोठ्या झोक्याजवळचं देवस्थान बघा. पहिला राम या थाई राजाच्या काळात, १७८४ मध्ये बांधलेलं ब्राह्मणांचं मंदिर. शंकर, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगळी दालनं. राजघराण्याचे विधी करणारे पुरोहित इथले. शेजारीच हिंदू समाजाचं देव मंदिर आहे, तिथे आईंना आपल्या पद्धतीची आरती मिळेल आणि हिंदी बोलणारी माणसंही.

कागदपत्र:

थोडं रुक्ष पण गरजेचं. पाहुणे घरी आले की २४ तासांच्या आत घरमालकानं इमिग्रेशनला कळवायचं असतं, तो टीएम ३०चा अर्ज. मालकाला आत्ताच सांगून ठेवा, ऑनलाइन होतं. प्रवास विमा घेताना आईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया लपवू नका. खासगी रुग्णालयांचं बिल मोठं येतं आणि दावा नाकारला तर सगळं आपल्या खिशातून. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५, हे दोन्ही क्रमांक बाबांच्या फोनमध्ये घाला.

डिसेंबर ते मार्च हवेत बारीक धूळ वाढते. एअर४थाय हे सरकारी ॲप आहे. आकडा लाल असेल त्या दिवशी बाग बंद, एक्कमाईचं तारांगण चालू. मुलांना ते आवडतं, बीटीएसपासून चालत आहे. सोमवारी बंद असतं.

खडीसाखर:

अरे, मुख्य गोष्ट राहिली! ताई, नोव्हेंबरच्या सुरुवातीला येताहेत म्हणजे लॉय क्राथोंग हा पाण्यात दिवे सोडायचा सण बहुधा सापडेल. बहुतेक वर्षी ती आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. केळीच्या खुंटाची चकती, त्यावर केळीच्या पानांचे दुमडे, फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि पाण्यात सोडायचं. आईंनी कृष्णेत दिवे सोडले असतीलच. क्राथोंग विकत घेऊ नका. फुलबाजारातून खुंट, पानं आणि फुलं आणा, आई आणि मुलं घरीच करतील. नदीकाठी रेटारेटी असते, त्यापेक्षा एखाद्या बागेच्या तळ्यावर लवकर जा. थर्माकोल आणि टाचण्या नकोत, बांबूच्या काड्या वापरा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे किती आभार मानू! तिथी बघितली, आई-बाबा पोचल्यावर पौर्णिमेला चार दिवस मिळतात. म्हणजे आधी फुलबाजार, मग घरी क्राथोंग, असं ठरलं. आईंनी फोनवर सांगितलंय की घाटावर सोडायच्या द्रोणातल्या वाती त्या वळून आणणार आहेत. मालकाला टीएम ३०चा निरोप गेला. चाचोंगसाओचं वेळापत्रक बाबांना पाठवलं, तर त्यांनी मधली सगळी स्थानकं वहीत उतरवून घेतली आहेत.

आता एकच राहिलं. ओन नुतहून लुंपिनीला बाबांनी रोज सकाळी जायचं तर बीटीएसनं साला देंगला उतरणं सोपं, की असोकला बदलून एमआरटीनं सुखुमवितहून लुंपिनी स्थानक? आणि बीटीएसचं रॅबिट कार्ड त्यांच्या पासपोर्टवर पहिल्याच दिवशी निघेल ना?

तिठा:

साला देंग. सियामला एकदाच गाडी बदलायची. कार्ड खिडकीवर पासपोर्ट दाखवला की लगेच मिळतं. पहिले दोन-तीन दिवस कुणीतरी सोबत जा, सियामला सिलोम मार्गाची बाजू दाखवून द्या. एसटीतला माणूस आहे, चौथ्या दिवशी तेच तुम्हाला सांगतील.