मदत हवी आहे: शाळेचं नेटवर्क आणि वायफाय नव्याने करायचंय

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या आमच्या माध्यमिक शाळेचं नेटवर्क नव्याने करायचं ठरलंय. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत, ते वाया जाऊ नयेत म्हणून आधी विचारतोय.

सध्या फायबरचं कनेक्शन कार्यालयात येतं आणि एकाच राउटरवर सगळं चालतं. संगणक कक्षातला स्विच जुना, 100 एमबीपीएसचा. भिंती जांभ्याच्या, चांगल्या जाड. दोन वर्ग ओलांडले की वायफायची रेंज संपलीच. पोरांनी एकदम व्हिडिओ लावले की कार्यालयात यू-डायस प्लसचं (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) पान नुसतं फिरत बसतं.

माझ्या डोक्यात गिगाबिट पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीज देणारा), कॅट-6 केबल आणि दर दोन वर्गांमागे छताला एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं उपकरण) असं आहे. कार्यालय आणि विद्यार्थी वेगवेगळ्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवर वेगळे ठेवलेले नेटवर्कचे भाग) हवेतच, मुलांची सगळी माहिती कार्यालयातल्या संगणकांवर असते.

खरी अडचण मागच्या इमारतीची. ती मैदानापलीकडे, 100 मीटरच्या वर, म्हणजे तांब्याची केबल तिथवर चालणार नाही. शिवाय वळवाच्या पावसात इथे विजा फार. मे महिन्यात स्विचचे पोर्ट जळाले. फायबरमधून वीज येत नाही, म्हणून माझा कल तिकडेच आहे, पण चर खणायचा खर्च मोठा. त्याऐवजी छतावरून पॉइंट-टू-पॉइंट वायरलेस (दोन इमारतींवर समोरासमोर अँटेना) कुणी लावलंय का? अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर कसे बसवलेत? कोकणातल्या पावसाळ्यात ते टिकलं का, हे जरूर सांगा. कोटेशन लवकरच मागवायची आहेत.