मदत हवी आहे: शिक्षणशास्त्रातल्या पीएचडीचा आराखडा, 'प्रश्न दिसत नाही' या शेऱ्याचं काय करू?

निरंजना

नमस्कार मंडळी. संशोधन आराखड्याचा पहिला मसुदा तयार आहे. शीर्षक: 'परस्पर अध्यापन पद्धतीची सातवीच्या विद्यार्थ्यांच्या वाचन आकलनावरील परिणामकारकता: एक अभ्यास'. एक तुकडी प्रायोगिक, एक नियंत्रित, प्रत्येकी ४० मुलं. पूर्वचाचणी, आठ आठवडे अध्यापन, उत्तरचाचणी, शेवटी टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी). उद्दिष्टं सात: आकलन, शब्दसंपत्ती, वाचनाची आवड, आत्मविश्वास, मुलगे-मुली फरक, शिक्षकांची मतं आणि कार्यक्रमाची निर्मिती. मार्गदर्शकांचा शेरा आला आहे: 'विषय चांगला, पण प्रश्न दिसत नाही.'

विचारायचं असं की, 'या इयत्तेवर असं संशोधन झालेलं नाही' एवढं कारण पुरतं का? आणि नमुना ८० ठेवावा की क्रेजी-मॉर्गनच्या तक्त्यातून काढावा?

आडवाट

पहिल्याचं उत्तर: नाही पुरत. इयत्ता बदलली, माध्यम बदललं म्हणून नवा प्रश्न तयार होत नाही. त्या बदलामुळे निकाल वेगळा का लागेल, हे सांगता आलं तरच होतो.

परस्पर अध्यापन पॅलिन्क्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलं. अंदाज बांधणं, प्रश्न विचारणं, अडलेलं उलगडणं आणि सारांश सांगणं या चार कृती आधी शिक्षक करून दाखवतात, मग गटाची सूत्रं हळूहळू मुलांच्या हाती देतात. पद्धत उपयोगी पडते का, हे तेव्हापासून कितीतरी वेळा तपासून झालंय. तुमच्या मसुद्यात तोच प्रश्न पुन्हा आहे, म्हणून मार्गदर्शकांना तो दिसत नाही.

आता पद्धत उकलून बघा. फायदा चार कृतींचा, की सूत्रं मुलांकडे गेल्याचा? हा खरा प्रश्न होऊ शकतो: 'चारही कृती शिक्षकांनीच शेवटपर्यंत चालवल्या आणि चौथ्या आठवड्यापासून गटातल्या मुलांनी चालवल्या, तर अपरिचित उताऱ्याच्या आकलनात फरक पडतो का?' यात कोणाची तुलना कोणाशी, बदल नेमका कशात आणि मोजायचं काय, हे सगळं आलं. शिवाय नियंत्रित गटालाही तेच उतारे आणि तेवढ्याच तासिका मिळतात. 'नियंत्रित गट: पारंपरिक पद्धत' एवढंच लिहिलेल्या आराखड्यात फरक पद्धतीमुळे पडला की जास्त लक्ष मिळाल्यामुळे, हे कधीच कळत नाही.

साहित्याचा आढावाही याच प्रश्नाभोवती रचा. 'अमुक यांनी अभ्यास केला, निष्कर्ष असा' असे एकाखाली एक परिच्छेद नकोत. 'सूत्रं मुलांकडे किती लवकर दिली', 'मोजमाप कशाने केलं' असे उपविभाग पाडा आणि प्रत्येकात अभ्यास एकमेकांसमोर ठेवा. रोझेनशाइन आणि मायस्टर यांनी १९९४ मध्ये १६ अभ्यासांचा आढावा घेतला. प्रमाणित चाचण्यांवर इफेक्ट साइझचं (फरक किती मोठा, याच्या मापाचं) मध्यक ०.३२ होतं, संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर ०.८८. तुमचं साधन कोणतं असावं हा वाद इथूनच सुरू होतो.

मध्यक

आडवाट यांनी दिलेल्या त्या दोन आकड्यांवर नमुनाही ठरतो. क्रेजी-मॉर्गनचा १९७० चा तक्ता सर्वेक्षणासाठी आहे. जनसंख्या १००० असेल तर २७८ लोकांवरून प्रमाणाचा अंदाज करता येतो, इतकंच तो सांगतो. दोन गटांची तुलना करायला तो लागूच पडत नाही, तरी आराखड्यांत सर्रास चिकटवलेला असतो.

तुलनेसाठी ढोबळ हिशोब: १६ भागिले इफेक्ट साइझचा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटातली मुलं (सार्थकता पातळी, म्हणजे नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता, ०.०५; पॉवर, म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता, ८० टक्के). ०.८८ ला सुमारे २१ मुलं लागतात, ०.३२ ला १५६. साधन बदललं की नमुना सातपट होतो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, शिक्षक एक, वातावरण एक. वर्गांतर्गत सहसंबंध (या सारखेपणाचं माप) ०.१५ धरला तर ४० च्या वर्गासाठी डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवावा लागेल तो आकडा, १ + ३९ × ०.१५ = ६.८५. म्हणजे तुमच्या ८० मुलांकडून जेमतेम १२ मुलांइतकी माहिती मिळते! आणि प्रत्येक बाजूला एकच तुकडी असेल तर तुकडीचा परिणाम आणि पद्धतीचा परिणाम कोणत्याही चाचणीने वेगळे होत नाहीत. सहप्रचरण विश्लेषण (पूर्वचाचणीतला फरक हिशोबात धरणारी पद्धत, ANCOVA) केलं तरी नाही.

सुटका आहे. ही पद्धत मुळात लहान गटांची. प्रत्येक तुकडीतच मुलांचे चार-पाच जणांचे गट करा आणि कोणत्या गटाला कोणती रीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्ही रीती प्रत्येक तुकडीत आल्या की तुकडीचा फरक बाजूला काढता येतो. एका रीतीतली मुलं दुसरीचं अनुकरण करतील हा धोका राहतो, तो मर्यादांत मोकळेपणाने लिहा. दोनाऐवजी सहा तुकड्या मिळाल्या तर फारच उत्तम.

रेघोटी

सात उद्दिष्टांबद्दल. कागद आडवा धरून सहा रकाने आखा: संशोधन प्रश्न, उद्दिष्ट, शून्य परिकल्पना ('फरक नाही' हे तपासायचं विधान), साधन, मिळणारी माहिती, विश्लेषण. ज्या ओळीत एखादा रकाना रिकामा राहील ती ओळ खोडा. आत्मविश्वासाला तुमच्याकडे साधन नाही, तो गेला. 'कार्यक्रमाची निर्मिती' ही कार्यपद्धतीतली पायरी आहे, उद्दिष्टांत तिचं काम नाही. शिक्षकांची मतं ठेवायची तर मुलाखतीचे प्रश्न आणि त्यांचं विश्लेषण कसं करणार तेही लिहावं लागेल. तीन उद्दिष्टं उरली तरी पुष्कळ झाली.

कार्यात्मक व्याख्या शब्दकोशातून उतरवू नका. 'वाचन आकलन म्हणजे चार अपरिचित उताऱ्यांवरील ३२ प्रश्नांत मिळालेले गुण. निम्मे प्रश्न उताऱ्यात थेट सापडणारे, निम्मे अनुमानाचे' असं लिहिलं की साधन डोळ्यांसमोर येतं. ती चाचणी नमुन्याबाहेरच्या मुलांवर आधी घ्या. काठिण्य मूल्य (बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांचं प्रमाण) ०.३ ते ०.७ मधले प्रश्न ठेवा, भेदन मूल्य (हुशार आणि कच्च्या मुलांत प्रश्न किती फरक करतो ते) ०.२ च्या खाली असलेले काढा. क्रोनबाख अल्फा (चाचणीच्या विश्वसनीयतेचं माप) ०.७ आला म्हणून वैधता सिद्ध होत नाही, ती तज्ज्ञांकडून वेगळी तपासून घ्यावी लागते. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे उतारे वेगवेगळे पण समान काठिण्याचे हवेत, नाहीतर स्मरणशक्तीच मोजली जाईल.

निरंजना

खूप आभार! तक्ता आखला, तीन ओळी टिकल्या. आणखी एक: मुलांकडे सूत्रं खरंच गेली हे दाखवायचं कसं? आणि एका गटाला कमी मिळतंय, यावर नैतिकता समिती अडवेल का?

आडवाट

निरीक्षणसूची बनवा: अंदाज कोणी मागितला, सारांश कोणी सांगितला, शिक्षक किती वेळा मध्ये बोलले. दर आठवड्याला दोन तासिका दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवायच्या आणि त्यांच्यातलं एकमत कोहेनच्या 'कापा' (kappa) या गुणांकाने काढायचं. सूची परिशिष्टात जोडा. समितीसाठी पालकांची लेखी संमती, मुलाची स्वतःची वेगळी संमती, कधीही बाहेर पडायची मुभा, आणि जी रीत सरस ठरेल ती उत्तरचाचणीनंतर दुसऱ्या गटालाही देण्याची हमी, एवढं लिहा.

रेघोटी

वेळापत्रकात परवानगी आणि पथदर्शी चाचणीला मिळून तीन महिने तरी धरा, आणि आठ आठवड्यांत सहामाही परीक्षा येणार नाही हे बघा. सगळा मजकूर भविष्यकाळात ठेवा. 'निवड करण्यात आली' असं आराखड्यात दिसलं की परीक्षक तिथेच थांबतात.