अकरावीची मुलं कामाच्या ठिकाणी पाठवायची आहेत. त्यांना नेमकं काम काय द्यावं?

वर्गशिक्षिका_अकरावी
आमची २४ मुलं आठवड्यातून अर्धा दिवस तीन ठिकाणी जाणार आहेत: मशीन शॉप, निदान प्रयोगशाळा आणि हिशेबाचं कार्यालय. तिन्हीकडून होकार आलाय, पण पुढचं काहीच ठरलेलं नाही. नुसतं बघायला पाठवलेली मुलं दुसऱ्या आठवड्यापासून झेरॉक्स काढत बसतात आणि नेमलेल्या मार्गदर्शकाला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. मुलांना खरं काम कसं द्यायचं? एकाकडे किती मुलं द्यायची? आणि अभ्यासाशी याचा सांधा कुठे जुळवायचा?

शॉपफ्लोर_प्रशिक्षक
मॅडम, आधी माणूस नाही, काम शोधा. मालकाला ‘मुलं घ्याल का’ विचारलं की तो भिडेखातर हो म्हणतो. फोरमनला विचारा, ‘दर आठवड्याला कोणतं काम मागे पडतं?’ त्यातलं दीड तासात पुरं होणारं, चुकलं तरी सुधारता येणारं आणि झाल्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडणारं तेवढंच उचला. शेवटची अट सोडूच नका. केलेलं काम कुणी वापरत नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं.

उदाहरण देतो. तयार झालेले १० शाफ्ट (यंत्रात फिरणारे गोल दांडे) घ्या. प्रत्येकाचा व्यास दोन्ही टोकांजवळ आणि मध्ये असा तीन जागी मोजून तक्त्यात भरायचा. एका टोकाकडून दुसरीकडे माप सरळ वाढत गेलं तर शाफ्ट टेपर, म्हणजे निमुळता, झालाय, म्हणजे तक्ता ऑपरेटरच्या कामाचा.

शाळेतल्या व्हर्निअरचं (सरकत्या पट्टीच्या मोजमापाच्या साधनाचं) लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, बहुधा ०.१ मिमी असतं, शॉपमधल्याचं ०.०२. म्हणून रीत पाठ असलेलं मूलही अडखळतं. मुख्य पट्टीवर २४ आणि व्हर्निअरची १७वी रेघ जुळली, तर माप २४ + १७ × ०.०२ = २४.३४, पण सवयीने ०.१ ने गुणून लिहिलं जातं २५.७. दुसरी हमखास चूक म्हणजे जबडे मिटवून झिरो एरर, म्हणजे मिटल्यावरही शून्याऐवजी दिसणारं माप, न बघणं. ती +०.०४ असेल तर प्रत्येक मापातून वजा करायची. सगळीच मापं एका बाजूला सरकलेली दिसली तर आधी हेच तपासा. मार्गदर्शकाने त्यातले २ शाफ्ट स्वतः मोजावेत, आणि फरक ०.०४ च्या वर गेला तर पूर्ण तक्ता मुलानेच पुन्हा करावा. मशीन फिरत असताना माप घ्यायचं नाही, ही अट लेखी हवी.

हाच तक्ता भौतिकशास्त्राच्या तासाला न्या. तुमचा सांधा तिथे जुळेल.

मेंटॉर_समन्वयक
एका मार्गदर्शकाकडे दोनच मुलं, आणि प्रत्येक ठिकाणी एक राखीव माणूस. एकटं मूल बुजतं. चार झाली की आपसात बोलतात आणि मार्गदर्शक बाजूला पडतो. गुण देणारा माणूस मात्र वेगळा ठेवा. ज्याच्या हातात गुण आहेत त्याला ‘मला हे कळलं नाही’ असं मुलं सांगत नाहीत.

मार्गदर्शक मध्येच गळतात ते बहुतेक वेळा इच्छा नसते म्हणून नाही, तर तो तास त्यांच्या शिफ्टमध्ये धरलेला नसतो म्हणून. आठवड्याचा एक तास साहेबांच्या सहीने रोस्टरवर चढवून घ्या. हे झालं नाही तर मुलं पाठवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना मोठ्या मार्गदर्शकाशी जोडून देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या अमेरिकेतल्या संस्थेतल्या जोड्यांवरचा २००२ चा अभ्यास सांगतो की वर्षभर टिकलेल्या जोड्यांचा मुलांना सर्वाधिक फायदा झाला, आणि फार लवकर तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास उलट खचला.

भेट काचेच्या दाराआड किंवा मोकळ्या जागी व्हावी. निरोप फक्त शिक्षक असलेल्या ग्रुपवर. खासगी मेसेज नकोत.

वेळापत्रक_वाले_सर
वर्षभराची अट सगळ्या शाळांना झेपत नाही. चारच महिने हाती असतील तर शेवटची तारीख पहिल्याच भेटीत सांगा. ठरवून संपलेलं आणि अचानक तुटलेलं यात मुलांच्या दृष्टीने फार फरक असतो.

एका ठिकाणची आठही मुलं एकाच दुपारी पाठवू नका. शिकागोत १९९६ साली सुरू झालेल्या क्रिस्टो रे शाळेच्या पद्धतीत चार विद्यार्थी मिळून एक पूर्णवेळ जागा सांभाळतात. प्रत्येकाला महिन्याचे साधारण पाच दिवस येतात. त्यामुळे रोज कुणीतरी हजर असतं आणि कार्यालय त्या कामासाठी त्यांच्यावर विसंबू लागतं. तुम्ही चार दुपारी दोन-दोन मुलं पाठवा. त्या दुपारी वर्गात नवा धडा नको. प्रात्यक्षिकं, ग्रंथालय, खेळ ठेवा.

प्रयोगशाळेत नमुन्यांना हात लावू देऊ नका, रुग्णांची नावंही दिसू नयेत. द्यायची कामं अशी: रिएजंटचा (तपासणीच्या रसायनांचा) साठा रजिस्टरशी ताडणं आणि आधी मुदत संपणारी बाटली पुढे ठेवणं. फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का ते नोंदवणं. हिशेबात बँकेचं स्टेटमेंट नावं झाकून वहीशी जुळवायला द्या. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल आधी शोधायची, जसं ५४० च्या जागी ४५०.

मूल, पालक, शाळा, कंपनी अशा चार सह्यांचा एकपानी करार करा. त्यात कामाची वेळ, मनाई असलेली यंत्रं, विमा आणि जाण्यायेण्याची जबाबदारी कोणाची, हे सगळं यायला हवं.

वर्गशिक्षिका_अकरावी
फार उपयोगी पडलं. आणि एखादं मूल महिन्याभरात म्हणालं, ‘हे माझ्यासाठी नाही’, तर?

मेंटॉर_समन्वयक
तर नेमकं काय नको ते लिहून घ्या: उभं राहणं, आवाज, आकडे, की एकटं काम करणं? आवाज नको असेल तर मोजमापाचीच आवड असलेलं ते मूल प्रयोगशाळेत रमू शकतं. ठिकाण बदलायचंच झालं तरी हातातलं काम पुरं करून घ्या आणि मार्गदर्शकाला समक्ष भेटून निरोप घेऊ द्या. बायोडेटात ‘मशीन शॉपचा अनुभव’ असं मोघम नको, ‘०.०२ मिमी व्हर्निअरने शाफ्टचा व्यास तीन जागी मोजून नोंदवला, टेपर ओळखला’ असं लिहायला शिकवा. महिनाभरच गेलेल्या मुलालाही एवढं खरंखुरं लिहिता येतं.