डायमंड हेड (होनोलुलू): गुडघे दुखणाऱ्या आईला नेता येईल का?

मावळवाट
डिसेंबरअखेर ओआहूला आहोत (हवाईचं बेट, होनोलुलू इथलंच). सोबत आई, वय ६६. पर्वती सावकाश चढते, उतरताना गुडघा बोलतो. सूर्योदय डायमंड हेड या ज्वालामुखी विवराच्या डोंगरावरून बघायचाय. बुकिंग, वेळ आणि आईने कुठवर यावं, हे सांगा.

घाटमाथा
आधी बुकिंग. हवाईबाहेरच्यांना २०२२ पासून ऑनलाइन आरक्षण लागतं, ते ३० दिवस आधी खुलतं. माणशी ५ डॉलर, गाडी १० डॉलर. नाताळच्या आठवड्यात पार्किंग आधी संपतं. तेव्हा पायी प्रवेशाचं तिकीट घ्या, बसने या आणि काहाला बोगद्यातून चालत विवरात शिरा.

वाट एका बाजूने १.३ किमी, चढ १७१ मीटर. पहिला टप्पा काँक्रीटचा, तिथे आईंना काहीच त्रास नाही. मग नागमोडी कच्ची वाट. खडक पायांनी घासून गुळगुळीत झालाय, वर बारीक खडी. चढताना जाणवत नाही, उतरताना सँडल सर्रकन सरकते. पकड असलेले बूट हवेतच.

पुढे एक काँक्रीटचा सज्जा लागतो. लष्कराने विवराच्या तळातून सामान वर ओढायला तिथे विंच बसवलं होतं. आईंचा निर्णय इथे घ्या, कारण लगेच पुढे ७४ पायऱ्या आणि ६९ मीटरचा अरुंद बोगदा आहे. समोरून माणसं येत असतात, दम खायला थांबणं अवघड. मात्र सज्ज्यावरून फक्त विवर दिसतं, समुद्र नाही.

बोगद्यापलीकडे सरळ ९९ पायऱ्या. त्या टाळून डावीकडून फेर घेणारी वाट आहे: लांब, पण सौम्य. गुडघेवाल्यांनी जाताना-येताना तीच घ्यावी. ९९ पायऱ्यांनी गेलात तर पुढे १९११ च्या तोफमारा-नियंत्रण ठाण्यातला गोल जिना आणि शेवटी बंकरच्या फटीतून वाकून बाहेर पडणं. कंबरदुखी असेल तर नकोच.

दगडधोंडा
सूर्योदयाचं गणित नीट बघा. फाटक सहाला उघडतं. उन्हाळ्यात तोवर सूर्य वर आलेला असतो. डिसेंबरअखेर तो सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिल्याच स्लॉटला जमेल. आईंच्या चालीने मात्र तासभर धरा, घाई नको.

शिखर समुद्राकडेच का? हा राखेचा शंकू आहे. वर येणारा शिलारस पाण्याला भिडून स्फोट झाले आणि वाऱ्याने राख नैर्ऋत्येला जास्त साचली, म्हणून तिकडची कड उंच, २३२ मीटर. विवराच्या भिंती तोच वारा अडवतात. नऊनंतर आत भट्टी होते आणि वाटेवर सावली जवळजवळ नाही. माणशी लिटरभर पाणी खालीच भरून घ्या. स्वच्छतागृहही खालीच.

घाटमाथा
हो, आणि काठी असेल तर घडी होणारी आणा. पायऱ्यांवर कठडा धरायला हात मोकळा हवा.

सागरगोटा
आई सज्ज्यावरून परतल्या तरी समुद्र चुकत नाही. डोंगराला बाहेरून वळसा घालणारा डायमंड हेड रोड आहे, डांबरी, पदपथासह, तिकीट नाही. १९१७ चा दीपस्तंभ रस्त्यावरूनच दिसतो, आत सोडत नाहीत. थोडं पुढे कड्यावरच्या थांब्यांपाशी अमेलिया इअरहार्टच्या १९३५ च्या हवाई ते कॅलिफोर्निया उड्डाणाची स्मृतिशिळा आहे. दुर्बीण असू द्या, त्या दिवसांत हंपबॅक देवमासे येतात. माझ्या मते आईंसाठी हाच रस्ता, दुपार टळल्यावर.