‘ग्वाव्हा, कॉमन्स काढून टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी मॅप.ऑफ नीट वापरून बघावं

वारजेकरीण:
काल इथे एकाने लिहिलं, ‘जावा 17 आलंय, ग्वाव्हा आणि कॉमन्स लँग पॉममधून काढून टाका, सगळं जेडीकेत आहे’. म्हणजे गूगलची ग्वाव्हा आणि अपाचेची कॉमन्स लँग, या तयार कोडच्या लायब्ररी प्रोजेक्टच्या यादीतून (पॉम) काढा, जावासोबत येणारा संच (जेडीके) पुरेसा आहे. लोकांनी माना डोलावल्या. मला राहवेना म्हणून लिहितेय.

आमच्या टीममधल्या एका पोराने असाच सल्ला वाचून ग्वाव्हाच्या इम्युटेबलमॅप.ऑफच्या (की-व्हॅल्यूच्या जोड्यांचा न बदलणारा मॅप) जागी सरसकट जेडीकेचं मॅप.ऑफ टाकलं. कंपाइल झालं, टेस्ट हिरव्या, रिव्ह्यूत मीच पास केलं. दोन दिवसांनी क्लायंटची बोंब, रोजच्या सीएसव्हीतले कॉलम इकडचे तिकडे झालेत. आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की पुन्हा वेगळाच क्रम! ग्वाव्हाचा मॅप ज्या क्रमाने भरला त्याच क्रमाने देतो, मॅप.ऑफ क्रमाची हमी देत नाही, उलट जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) सुरू होताना एक रँडम आकडा (सॉल्ट) घेतो, म्हणून क्रम दर वेळी बदलू शकतो. मी हिंजवडीहून निघालेले, चांदणी चौकात बस अडकलेली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन लॉग चाळत होते, काही न सापडता घरी गेले, खरं कारण कळायला रात्रीचे अकरा वाजले.

अजून ऐका. जेडीकेच्या लिस्ट.ऑफवाल्या लिस्टला कंटेन्समध्ये (अमुक गोष्ट यादीत आहे का ते बघणं) नल म्हणजे ‘काहीच नाही’ दिला तर नल पॉइंटर एरर, ग्वाव्हाची लिस्ट गप फॉल्स देते. जावा 11 चं इझब्लँक (मजकूर कोरा आहे का ते बघणारं) नल स्ट्रिंगवर आपटतं, कॉमन्स लँगच्या स्ट्रिंगयुटिल्सचं नाही. नाव सारखं म्हणून वागणं सारखं नसतं हो.

खराडी_बॅकएंड:
ताई, कालची पोस्ट माझीच. मॅप.ऑफचा क्रम ठरलेला नाही हे जावाडॉकमध्ये (जावाच्या अधिकृत माहितीत) लिहिलेलं आहे. क्रम हवा तर जेडीकेचाच लिंक्डहॅशमॅप घ्यायचा, त्यासाठी अडीच-तीन एमबीचं जार (लायब्ररीची फाइल) कशाला? मी ग्वाव्हावर का चिडतो तेही ऐका. हडूपने (मोठा डेटा अनेक मशीनवर हाताळणारं सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं ग्वाव्हा 11.0.2 धरून ठेवलेलं, आमच्या जॉबमधल्या दुसऱ्या लायब्ररीला नवं लागायचं. ग्वाव्हा 17 मध्ये स्टॉपवॉच क्लासचा पब्लिक कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवायची उघडी वाट) गेला, एचबेस डेटाबेसचा जुना क्लायंट नेमका तोच वापरत होता. बिल्ड स्वच्छ, आणि क्लस्टरवर इलीगलअ‍ॅक्सेसएरर. तीन दिवस शेडिंग (लायब्ररीची पॅकेजं नाव बदलून आपल्याच जारमध्ये भरणं) करत बसलो, बायकोच्या भावाचा साखरपुडा बुडाला.

पेठेतला_जावावाला:
ही चूक ग्वाव्हा आणि कॉमन्स दोन्हींना एका पारड्यात तोलण्याची आहे. कॉमन्स लँगवाल्यांनी 2011 मध्ये 3.0 आणताना पॅकेजचं नावच लँग3 केलं. जुनं-नवं एकाच प्रोग्रॅममध्ये (एकाच क्लासपाथवर) सुखाने राहतं. ग्वाव्हाने असं केलं असतं तर तुमचा साखरपुडा चुकला नसता.

खराडी_बॅकएंड:
कॉमन्सचं कौतुक पुरे. 2015 ला कॉमन्स कलेक्शन्सचं डीसीरियलायझेशनचं (बाहेरचा डेटा ऑब्जेक्टमध्ये बदलताना हल्ला व्हायचं) प्रकरण झालं, 2022 ला कॉमन्स टेक्स्टमधलं सुरक्षेचं भोक, 1.10.0 वर नेईपर्यंत सिक्युरिटीवाल्यांनी रोज मेल पाठवले. जेवढी जार जास्त तेवढी रात्रीची जागरणं.

बाणेर_फुलस्टॅक:
तुम्ही ग्वाव्हावर भांडताय आणि लॉम्बॉकबद्दल (क्लासचा ठरावीक कोड आपोआप बनवणारं टूल) कोणी बोलत नाही! ग्वाव्हा निदान साधी लायब्ररी आहे, लॉम्बॉक कंपायलरच्या पोटात हात घालतो. जेडीके 16 ने आतली दारं बंद केली तेव्हा आमचा सगळा बिल्ड मेला, 1.18.20 टाकल्यावर सुरू झाला. शिवाय पोरं एंटिटीवर (डेटाबेसच्या तक्त्यासाठीचा क्लास) डोळे मिटून लॉम्बॉकचं अ‍ॅट डेटा लावतात, ऑर्डरमध्ये आयटम, आयटममध्ये ऑर्डर, एक लॉगची ओळ छापली की टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड) गोल गोल फिरून स्टॅकओव्हरफ्लो.

वारजेकरीण:
धागा लॉम्बॉकचा नाहीये.

मगरपट्टा_नवा:
सर, मला लॉम्बॉकशिवाय जमणार नाही. 40 फील्डच्या क्लासचे गेटर-सेटर (फील्ड वाचायच्या-बदलायच्या मेथड) आम्हीच लिहायचे आणि रिव्ह्यूत ‘एवढा मोठा क्लास का’ हेही आम्हीच ऐकायचं. टूस्ट्रिंगमधून एक फील्ड वगळायचं अ‍ॅनोटेशन लॉम्बॉकमध्ये आहेच ना?

बाणेर_फुलस्टॅक:
आहे. पण ते माहीत असलेला माणूस टीममध्ये नसतो तेव्हा काय? रेकॉर्ड (डेटा ठेवायचा छोटा क्लास) शिका, जावा 16 पासून भाषेतच आहेत.

मगरपट्टा_नवा:
रेकॉर्ड जेपीए (जावाला डेटाबेसशी जोडणारं मानक) एंटिटी होऊ शकत नाही, तो फायनल असतो आणि रिकामा कन्स्ट्रक्टर नसतो. सीनियर लोक ‘रेकॉर्ड शिका’ म्हणतात आणि त्यांचे स्वतःचे प्रोजेक्ट जावा 8 वर असतात, इंटरव्ह्यूत मात्र आम्हाला जावा 21 विचारतात. याचा खरंच राग येतो.

बाणेर_फुलस्टॅक:
माझा प्रोजेक्ट 17 वर आहे, वैयक्तिक जाऊ नकोस. एंटिटीचं बरोबर आहे तुझं. डीटीओला (नुसता डेटा इकडून तिकडे नेणारा क्लास) तरी रेकॉर्ड वापर.

पेठेतला_जावावाला:
गेटर-सेटर आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) दोन क्लिकमध्ये लिहून देते. आम्ही 15 वर्षं तेच केलं.

मगरपट्टा_नवा:
लिहून देते, वाचायचे कोणी? नवीन फील्ड आलं की इक्वल्समध्ये (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते बघणारी मेथड) टाकायचं राहतं, आमच्याकडे याच कारणाने डुप्लिकेट पेमेंट गेलंय.

वारजेकरीण:
मूळ मुद्द्यावर येते. ग्वाव्हाचे मल्टिमॅप (एका कीला अनेक व्हॅल्यू), बायमॅप, रेंजमॅप जेडीकेत कुठे आहेत? कॅशसाठी आम्ही कॅफीन लायब्ररीवर गेलो, ग्वाव्हाचे ऑप्शनल आणि जॉइनर कधीच काढले. पण मल्टिमॅपऐवजी मॅप ऑफ लिस्टचं कम्प्यूटइफअ‍ॅब्सेंट शंभर ठिकाणी लिहायला मी तयार नाही.

खराडी_बॅकएंड:
मल्टिमॅपचं मान्य. एका मल्टिमॅपसाठी अख्खं जार मी तरी आणणार नाही, पण तुमच्याकडे शंभर जागा असतील तर ठेवा. ‘सगळं जेडीकेत आहे’ हे वाक्य काढतो. नवीन सर्व्हिसमध्ये ग्वाव्हा नको, हे ठेवणार.

वारजेकरीण:
ठेवा. पण त्याखाली मॅप.ऑफच्या क्रमाचं लिहा, आणि ठळक लिहा. आमच्या पोराने जावाडॉक नाही, तुमच्यासारखीच पोस्ट वाचली होती.