आवाजातला दोष ‘गंभीर’ की ‘तीव्र’?

प्रश्न : कानाने ऐकून आवाज तपासण्याचा फॉर्म मराठीत करतो आहे. ‘सिव्हिअरिटी’साठी ‘तीव्रता’ आणि ‘गंभीरता’ असे दोन शब्द मिळाले. कुठला घ्यावा? शिवाय रफ, ब्रेदी, स्ट्रेन्ड या तिन्ही प्रकारच्या बिघडलेल्या आवाजांना मला ‘घोगरा’च सुचतो आहे.

प्रतिसाद : मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझे मत विचाराल तर दोन्ही नकोत.

‘गंभीर आवाज’ म्हटले की मराठी माणसाला भारदस्त, खर्जाकडे झुकलेला आवाज आठवतो. ती स्तुती आहे. ‘तीव्र’ची अडचण वेगळी. गाणाऱ्याला तीव्र म्हणजे चढा मध्यम, आणि भौतिकशास्त्रात ध्वनीची तीव्रता हे वेगळेच मोजमाप. आपण मोजतो आवाज किती बिघडलेला ऐकू येतो ते. तो चढा आहे की मोठा, हा निराळा प्रश्न.

याहून मोठे कारण मी अनुभवाने शिकले. सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या अहवालात मी ‘गंभीर स्वरदोष’ लिहिले. आवाज जवळजवळ गेलेला होता, पण दुर्बिणीतून पाहिले तेव्हा स्वरतंतू स्वच्छ होते आणि व्यायामांनी आवाज परत आला. तोवर घरचे मात्र कॅन्सर धरून चालले होते. त्या शब्दाची टोचणी मला अजून आहे. उलटही घडते : स्वरतंतूच्या कडेवरची लहानशी गाठ थोडीशी खरखर करते आणि रोग मात्र खरोखर गंभीर असतो. म्हणून आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर तो कानाला कितीही बरा वाटो, स्वरयंत्र पाहूनच घ्यावे लागते. कानाने दिलेला आकडा ऐकू येणाऱ्या बिघाडाचा असतो, रोगाचा नव्हे. मी ‘दोषाचे प्रमाण’ लिहिते आणि पायऱ्या ‘नाही, थोडा, मध्यम, फार’ अशा ठेवते. जपानमधल्या समितीने बसवलेल्या आणि हिरानो यांनी 1981 मध्ये पुस्तकातून जगापुढे आणलेल्या ‘ग्रबास’ या कानाने आवाज तपासण्याच्या पद्धतीत 0 ते 3 याच चार पायऱ्या आहेत.

आता ‘घोगरा’. हा शब्द सुंदर आहे, पण त्यात खरखर, हवा आणि खालची पट्टी सगळे एकत्र येते. तो एकंदर दोषाच्या खान्यात शोभतो. रफला ‘खरखरीत’ घ्या. ‘घरघरीत’ मुळीच नको, घरघर लागणे म्हणजे काय हे रुग्णालाही ठाऊक असते. ‘भसाडा’ही टाळा, ती शिवी होते. स्ट्रेन्डला ‘ताणाचा’ म्हणतात, पण बोलताना ण-न चा फरक पुसट झाला की ‘ताण’ आणि ‘तान’ यांची गफलत होते. ‘जोर लावून काढलेला’ लांब आहे, तरी रुग्ण लगेच मान डोलावतो. ‘ग्रबास’मधला अस्थेनिक, म्हणजे जोर नसलेला आवाज, त्याला ‘क्षीण’ पुरेसा.

प्रतिसाद : गाणे शिकवते, म्हणून ब्रेदीपुरते बोलते. आम्ही ‘आवाजात हवा येते’ म्हणतो. ‘श्वासमिश्रित’ बरोबर असेल, पण तो कुणाच्या तोंडी नाही.

प्रतिसाद (स्पीच थेरपिस्ट) : तुमचाच शब्द फॉर्मवर यावा. ‘हवा येते : थोडी’. स्वरतंतू नीट मिटत नाहीत तेव्हा वारा निसटतो, ते कारणही त्या शब्दातच दिसते.

प्रश्नकर्ता : आणि ‘केप-व्ही’ या दुसऱ्या तपासणी-पद्धतीत दोष किती ते 100 मिलीमीटरच्या रेघेवर खूण करून दाखवतात, त्या रेघेचे काय? तिथे पायऱ्यांची नावे हवीत का?

प्रतिसाद (स्पीच थेरपिस्ट) : रेघेखाली ‘थोडा, मध्यम, फार’च्या खुणा असू द्या, पण त्यांना चिकटून बसू नका. कानाची फूटपट्टी स्थिर नसते. लागोपाठ चार फार बिघडलेले आवाज ऐकले की पाचवा मध्यम आवाज आपल्याला ‘थोडा’ बिघडलेला वाटतो. म्हणून मी तपासणीच्या आधी ठरलेले दोन-तीन नमुना-आवाज ऐकते, रेकॉर्डिंग ठेवते, आणि जमेल तेव्हा रुग्णाचे नाव न पाहता सहकाऱ्याकडून पुन्हा आकडा घेते. आमचे आकडे फार लांब पडले, तर बहुतेक वेळा भांडण कानांचे नसते, शब्दाचे असते. एकाने ‘खरखर’ मोजलेली असते, दुसऱ्याने ‘घोगरेपणा’.

प्रश्नकर्ता : आवाज पूर्ण गेला असेल तर?

प्रतिसाद (स्पीच थेरपिस्ट) : तिथे खरखरीच्या खान्यात 3 लिहू नका, खरखर व्हायला स्वर तर हवा! ‘केप-व्ही’त इतर लक्षणांसाठी वेगळी जागा आहे. मी तिथे ‘स्वर नाही, फक्त कुजबुज’ असे लिहिते.